शेवटच्या टोल्याला दार बंद

बुधवार, ३ सप्टेंबर. सकाळी.

काल आमच्या चर्चच्या मंडळीच्या सभेत माझी वडीलमंडळावर, शिस्तीचा वडील म्हणून, एकमताने निवड झाली. एकमताने म्हणजे दुसरं कोणी हात वर करेना. मी यात देवाची योजना पाहतो.

पाचला उठायचं ठरवलं होतं. सहाला उठलो. पण जाग पाचला आली होती, म्हणून टिक केली आहे.

संकल्प: रोज एक अध्याय. राग नाही. खोटं नाही. बढाई नाही. पाठीमागे कोणाबद्दल बोलणं नाही. नम्रता रोज दहा मिनिटं, चहाच्या आधी.

सौ.ने चहा कोमट दिला. तिला जरा मोठ्या आवाजात समजावून सांगितलं. याला राग म्हणत नाहीत, मार्गदर्शन म्हणतात. टिक.

गुरुवार, ४ सप्टेंबर. दुकानात.

एक बाई कपाटाचं कुलूप घेऊन आली. थेंबभर तेल सोडलं असतं तर चाललं असतं. नवीन घेतलेलं बरं, असं सुचवलं. यात खोटं काही नाही, नवीन घेतलेलं नेहमीच बरं असतं. टिक.

दुकानात बसल्या बसल्या शिस्तीचा विचार केला. आपल्या मंडळीचं मूळ दुखणं म्हणजे उशीर. घंटा वाजते, पहिलं गीत होतं, प्रार्थना होते, तरी लोक आपले येतच असतात. बाकं सरकतात, पोरं रडतात, माझं चित्त उडतं. तोडगा माझ्या हातातच आहे, मी काय उगाच किल्ल्या-कुलपांच्या धंद्यात पडलो?

पाळकसाहेबांना फोन केला. म्हटलं, दाराला आपोआप लागणारं कुलूप बसवतो, माझ्याकडून, फुकट. ते म्हणाले, बघू. म्हणजे हो. पाळकसाहेब फार भिडस्त. त्यांच्या वतीने कोणीतरी ठाम राहायला हवं.

शनिवार, ६ सप्टेंबर. संध्याकाळी.

कुलूप बसवलं. बाहेरून मूठच नाही. आतून किल्लीशिवाय उघडत नाही, आणि किल्ली एकच, ती माझ्या खिशात. मागच्या दाराला वेगळं कुलूप ठोकलं, नाहीतर हुशार मंडळी तिकडून घुसतील. घंटेचा दोर दाराशेजारीच आहे, त्यामुळे शेवटचा टोला देऊन त्याच हाताने दार ढकलता येतं. बाहेर कागद चिकटवला: ‘शेवटच्या टोल्याला दार बंद. आशीर्वचनानंतर उघडेल.’ म्हणजे उपासना संपल्यावर.

खटका पडतो तेव्हा काय सुरेख आवाज येतो! पुन्हा पुन्हा पाडून ऐकला. कोणापुढे बढाई मारली नाही. रस्त्याने जे चार ओळखीचे गेले त्यांना फक्त दाखवलं.

रविवार, ७ सप्टेंबर. दुपारी.

आज शिस्तीचा पहिला दिवस, आणि पहिलीच परीक्षा मला द्यावी लागली.

आई माझ्या धाकट्या भावाकडे असते. गेल्या वर्षी तिची डावी बाजू गेली. मी माझ्याकडेच ठेवून घेणार होतो, पण आमच्याकडे जिना आहे आणि धाकटा तळमजल्यावर राहतो. शिवाय मला मंडळीची कामं. धाकट्याला बायको नाही, पोरं नाहीत, वेळच वेळ. बस डेपोत रात्रपाळीला मेकॅनिक आहे. सकाळी घरी आला की आईला न्हाऊ घालतो, भरवतो, वेणी घालतो आणि रविवारी चाकाच्या खुर्चीतून ढकलत देवळात आणतो. म्हणजे आणतो उशिराच.

आईची एकच इच्छा उरली आहे. खांबाजवळच्या तिच्या नेहमीच्या बाकावर, एका बाजूला मी, एका बाजूला धाकटा, असं बसून एकदा प्रभुभोजनाचा पाव आणि द्राक्षरस घ्यायचा. डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय, मनात येईल ते करू द्या. प्रभुभोजन महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, तेही उपाशीपोटी. म्हणजे आज होतं.

मी शेवटचा टोला दिला तेव्हा खुर्ची फाटकातून आत येत होती. धाकटा धावत ढकलत होता. आईने उजवा हात वर केला. मला वाटतं, थांब म्हणत असावी.

दार लावलं.

आईसाठी उघडं ठेवलं असतं तर तो पक्षपात झाला असता, आणि पक्षपात हे पाप आहे. माझ्या जागी दुसरा असता तर पाघळला असता. (ही बढाई नाही, निरीक्षण आहे.) प्रभुभोजन शांतपणे घेतलं. खांबाजवळच्या बाकावर एकटाच होतो, पाय पसरायला जागा मिळाली.

आशीर्वचनानंतर दार उघडलं तर आई पायरीपाशी खुर्चीत बसलेली. तिने मला विचारलं, उपास सोडलास का, काही खाल्लंस का. म्हटलं, आई, वेळ पाळायला शीक. तिने मान हलवली. समजलं तिला. धाकट्याला मात्र मिरच्या झोंबल्या होत्या, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

सोमवार, ८ सप्टेंबर. दुकानात.

धाकटा आला होता. गिऱ्हाईक असताना आला, तेही कामाच्या कपड्यांत, ग्रीसने माखलेल्या हातांनी. म्हणाला, पाळी सुटून घरी यायलाच उशीर होतो, आईचं आवरणं घाईने होत नाही, घाई केली की तिला धाप लागते. दार थोडं उशिरा लाव.

मी त्याला शांतपणे सांगितलं की एकासाठी थांबलो तर सगळ्यांसाठी थांबावं लागेल. मग तो म्हणाला, तसं असेल तर रविवारी सकाळी तू ये, दोघं मिळून आवरू, वेळेत होईल. कमाल आहे! रविवारी सकाळी मी कसा येणार? मला दाराशी उभं राहायचं असतं.

त्याच्यासाठी प्रार्थना करीन, असं सांगून वाटेला लावलं. तो गेल्यावर गिऱ्हाइकाला त्याच्या स्वभावाबद्दल थोडं सांगितलं. पाठीमागे बोललो असं नाही. तो अजून रस्ता ओलांडत होता.

रविवार, १४ सप्टेंबर.

खुर्ची आजही उशिरा. या वेळी धाकटा धावलासुद्धा नाही. आरामात आला आणि आईला खिडकीखाली नेऊन बसवलं. गीत सुरू झालं तशी आई बाहेरून गायला लागली. आजारपणानंतर तिचे शब्द जड पडतात, आणि ती सगळ्यांच्या एक ओळ मागे असते. आतल्या लोकांचं लक्ष विचलित होत होतं. काही बायका तर डोळे पुसत होत्या.

मी उठून खिडकी लावली.

घरी आल्यावर सौ. जेवली नाही. विचारलं तर म्हणाली डोकं दुखतंय. उन्हाचं असेल.

बुधवार, १७ सप्टेंबर.

नम्रतेची दहा मिनिटं एकदाही चुकलेली नाहीत. आज तर पंधरा झाली. आमच्या मंडळीत माझ्याइतका नम्र माणूस दाखवून द्या.

संध्याकाळी दारावर कोणी वर्गणी मागायला आलं. सौ.ला म्हटलं, मी घरी नाही म्हणून सांग. ती दार उघडून म्हणाली, ते आत आहेत आणि म्हणतायत की मी घरी नाही. अंगाचा तिळपापड झाला. मी स्वतः काही खोटं बोललो नव्हतो, एवढं समाधान. टिक.

रविवार, २१ सप्टेंबर.

उशिराचा रोग पसरतोय. आज शिंपी आणि त्याचं सगळं कुटुंब बाहेर राहिलं. हा शिंपी घंटेच्या आधी येऊन बसणारा माणूस. मी शेवटचा टोला देताना तो फाटकाशी उभा होता. म्हटलं, या, या, एक पाऊल टाका. तर तो तिथूनच हात जोडून म्हणाला, राहू द्या, आम्हाला आज उशीर झालाय. घड्याळ मागे पडलं असेल बिचाऱ्याचं.

खिडकी मी आधीच लावून घेतली होती. तरी गाणं ऐकू येत होतं. आईचा आवाज, त्यात शिंपिणीचा. ओळ मागे होती, पण आता दोघी मिळून मागे होत्या.

आत जागा छान मोकळी झाली आहे. शिस्तीचा हा फायदा कोणी लक्षात घेत नाही.

रविवार, २८ सप्टेंबर.

आज जे झालं ते लिहावंसं वाटत नाही, पण या वहीत खरंच लिहायचं असा नियम आहे.

सौ. माझ्याबरोबर वेळेवर आली. बाकावर बसली. मग उठून म्हणाली, आईंच्या अंगावर शाल नाहीये, देऊन येते. म्हटलं, टोले सुरू होतायत. ती गेली. मी टोले जरा सावकाश दिले, हे कबूल करतो. दोन टोल्यांच्या मध्ये एखाद्याला शाल देऊन परत येता यावं इतके सावकाश. दारातून दिसत होती ती. आईच्या खांद्यावर शाल घातली, खुर्चीच्या बाजूला जमिनीवर बसली, पाय दुमडून घेतले. माझ्याकडे बघितलंही. उठली नाही.

दार लावावं लागलं.

उपासनेनंतर घरी येताना विचारलं, चारचौघांत माझी शोभा का केलीस. तर म्हणाली, मला उशीर झाला. सगळ्यांना हे एकच वाक्य कोणी शिकवलंय कोण जाणे.

पेटी वाजवणारी बाईही आज बाहेरच होती. बिनपेटीचं गायलो आम्ही. मीच सूर दिला. पाळकसाहेबांनी मध्येच घसा साफ करायला पाणी मागितलं, डोळ्यांनाही लावलं.

गुरुवार, २ ऑक्टोबर.

वडीलमंडळाची बैठक. पाळकसाहेब म्हणाले, येत्या रविवारी प्रभुभोजन आहे, आईंची तब्येत बरी नाही, दार उघडं राहू दे. मी म्हटलं, शास्त्रातसुद्धा लग्नाच्या मेजवानीला उशिरा आलेल्या कुमारींसाठी दार बंद झालंच की. पाळकसाहेब नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, त्या गोष्टीत दार वराने लावलं होतं, कुलूपवाल्याने नाही.

सगळे हसले. मीही हसलो. पण हे वाक्य चहाबरोबर घशात अडकलं ते अजून उतरत नाहीये.

मी राजीनामा पुढे केला. कोणी नको म्हणालं नाही, पण कोणी हातातही घेतला नाही. याचा अर्थ माझ्यावर विश्वास आहे. परत खिशात घातला.

आईसाठी मी तोडगाही सुचवला. शनिवारी तिला देवळातच आणून ठेवावं, म्हणजे रविवारी उशीर होणार नाही. पाळकसाहेबांनी बैठक संपवली.

शनिवार, ४ ऑक्टोबर.

धाकट्याचा फोन. आईला रात्रभर दम लागत होता. उद्या कसंही करून यायचंच म्हणते. तू सकाळी आलास तर बरं होईल, दादा, असं म्हणाला.

मीही माणूस आहे. क्षणभर वाटलं, जावं. आपण गेलो, दोघांनी आवरलं, तर ती वेळेत पोचेल आणि नियमही मोडणार नाही. पण मग घंटा कोण देणार? दार कोण लावणार? दुसऱ्याच्या हातात किल्ली दिली की शिस्त संपली. बघतो म्हटलं. पाळकसाहेब म्हणतात तसं.

सौ. आज त्यांच्याकडेच राहायला गेली आहे. जेवणाचं ताट झाकून ठेवलं होतं.

रविवार, ५ ऑक्टोबर.

देवळात पहिला पोचलो. मेजावर पांढरं कापड घातलं, पाव आणि प्याले मांडले. सगळं नियमाप्रमाणे. घंटा सुरू केली. आत माझ्याशिवाय फक्त निवृत्त हेडमास्तर होते. ते लवकर येतात आणि आले की झोपतात.

बाकी सगळे फाटकात उभे. अख्खी मंडळी! आई खुर्चीत, मध्यभागी, सौ.ची शाल अंगावर. पाळकसाहेब तिच्याशेजारी, झगा घालून, हातात पुस्तक. मी टोले देत होतो आणि ते माझ्याकडे बघत होते. एकानेही पाऊल पुढे टाकलं नाही. शेवटचा टोला देताना हात जड झाला. दोर जुना आहे, बदलायला हवा.

खटका पडला.

बाहेर गीत सुरू झालं. हेडमास्तर दचकून जागे झाले. मंडळी कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. ऐकू कमी येतं त्यांना, म्हणून मला ओरडून सांगावं लागलं की उशिरा आले सगळे. त्यांनी दार ओढून पाहिलं. मी म्हटलं, आशीर्वचनानंतर. त्यावर ते खिडकीशी गेले, कडी काढली, काठी आधी बाहेर टाकली आणि मग स्वतः चढून पलीकडे उतरले. वयाच्या मानाने चपळ आहेत. बाहेरून लोकांनी त्यांना अलगद धरून घेतलं.

खिडकी उघडीच राहिली, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं आणि दिसलं. पाळकसाहेबांच्या बायकोने घरून पाव आणला होता. प्याला म्हणून स्टीलचा पेला! खरे प्याले माझ्याजवळ, मेजावर, आणि तिकडे स्टीलचा पेला हातोहात फिरतोय. धाकट्याने पाव बुडवून आईला भरवला. तिला गिळायला वेळ लागला. सगळे थांबले. तेवढ्या वेळात आमच्याकडे दोन गीतं होतात, पण कोणालाच घाई नव्हती.

मग आईने विचारलं, आत कोण राहिलंय. कोणीतरी सांगितलं, थोरला.

आई म्हणाली, “एकटाच? अरे, त्यालाही घ्या रे बाहेर. एकटं राहायला घाबरतो तो लहानपणापासून.”

किल्ली खिशात होती. हातही खिशात होता. हे लिहितोय कारण वहीत खरं लिहायचा नियम आहे. पण आशीर्वचन झालं नव्हतं, आणि नियम मीच केला होता. मी उघडलं असतं तर इतके रविवार मी काय केलं, असा प्रश्न आला असता. मी खिडकीपासून बाजूला झालो. सगळी उपासना क्रमाने, एकट्याने केली. पाळकाची वाक्यं म्हटली, मंडळीचीही म्हटली. आशीर्वचन दिलं, मीच घेतलं, आणि दार उघडलं.

बाहेर कोणी नव्हतं. पायरीवर एक बशी, बशीत पावाचा तुकडा, शेजारी पेल्यात घोटभर द्राक्षरस. वर दुसरी बशी झाकलेली आणि तिच्यावर दगड, कावळ्यांनी नेऊ नये म्हणून. माझ्यासाठी राखून ठेवायला आईशिवाय कोण सांगणार?

खावा की नाही कळेना. भावाशी बिनसलेलं असताना प्रभुभोजन घ्यायचं नाही, हा नियम मीच मागे एकाला लावला होता. पाव रुमालात बांधून घरी आणला. घरी ताट झाकलेलं नव्हतं.

सोमवार, ६ ऑक्टोबर.

सकाळी धाकट्याचा फोन वाजत होता. दुकानाच्या वेळेत घरचे फोन घ्यायचे नाहीत, हा माझा जुना नियम. मग सौ.चा वाजला. मग पाळकसाहेबांचा. एका गिऱ्हाइकाला किल्ली कापून देत होतो. तीच किल्ली परत परत कापली, बसेना.

दुपारी शिंपी दुकानात आला. काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाला की आई तुमच्याबद्दल सारखं विचारतायत, निघा. मी म्हटलं, दुकान वेळेआधी बंद करत नाही, सात वाजता येतो. तो गेला. मी बसलो. बसवेना. दीड तास आधी शटर ओढलं. आयुष्यात पहिल्यांदा.

धाकट्याच्या घरी मी आईला तिथे नेलं त्या दिवसानंतर गेलो नव्हतो. दार लोटलेलं होतं. सवयीने आधी कुलूप बघितलं. नव्हतं. कडीसुद्धा काढून टाकलेली, चार स्क्रूंची भोकं तेवढी उरलेली. आईला उठून उघडता येत नाही, आणि येणाऱ्याला थांबावं लागू नये, म्हणून काढली असणार. आतून आवाज येत नव्हता. मी बोटाने टकटक केली आणि बाहेर उभा राहिलो.

धाकटा म्हणाला, “दार उघडंच आहे, दादा. आई गेली आत्ताच.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही बोलता आलं असतं.

आत सगळे बसलेले दिसत होते. सौ. आईचा हात धरून होती. आईच्या दुसऱ्या बाजूला एक खुर्ची रिकामी ठेवलेली होती. मला आत जायला कोणी अडवत नव्हतं. रुमाल काढला. पाव वाळून खडा झाला होता. तो उंबऱ्याबाहेर उभ्यानेच खाल्ला, आणि रडू आलं, आणि तरी आत पाऊल टाकता येईना.